पेव्हर ब्लॉक आणि शेडच्या भरावात भट्टीचा स्लॅग: कोणता, किती, आणि आधी काय तपासायचं?

ब्लॉकमशीन_वाघोडिया

नमस्कार मंडळी. बडोद्यात वाघोडिया रोडला पेव्हर ब्लॉकचं युनिट आहे. ८० मिमी जाडी, एम-४० (ताकदीचा दर्जा), दोन थरांचा ब्लॉक: खाली साधं काँक्रीट, वर रंगीत थर. सध्याचं एका घनमीटरचं माप असं: ओपीसी ५३ (साधं पोर्टलँड) सिमेंट ३९० किलो, बोडेलीची रेती ९०० किलो, सेवालियाची ६ मिमी कपची ३५० किलो, १० मिमी ७०० किलो, पाणी १४० लिटर.

रेती आणि कपची दोन्हींचे भाव चढतायत म्हणून स्लॅगचा, म्हणजे धातूच्या भट्टीतून निघणाऱ्या मळीचा विचार चाललाय. तीन प्रकारचा माल समोर आहे. पहिला जवळच्या इंडक्शन भट्टीचा: काळा, काचेसारखा, धारदार. फुकट आहे, फक्त टेम्पोचं भाडं. दुसरा दक्षिण गुजरातेतून येणारा इलेक्ट्रिक आर्क भट्टीचा, राखाडी-काळा, बारीक भोकं असलेला आणि हातात घेतला की वजनदार. तिसरा पोत्यातून येणारा जीजीबीएस, म्हणजे दळलेला स्लॅग, पांढरट पावडर.

विशिष्ट गुरुत्व मोजून घेतलंय: इंडक्शनचा ३.०, आर्कचा ३.४, सेवालियाची कपची २.८५.

दोन प्रश्न आहेत. ब्लॉकमध्ये यातलं काय आणि किती घालता येईल? आणि त्याच प्लॉटवर नवीन शेड होणार आहे, त्याच्या प्लिंथमध्ये (जोत्यात) ६०० मिमी भराव लागेल, वर १२५ मिमी काँक्रीटची फरशी. तिथे मुरमाऐवजी आर्क भट्टीचा स्लॅग टाकला तर चालेल का? पुरवणारा म्हणतो की रोलर फिरवला की दगडासारखा बसतो.

लॅडल

पहिल्यांदा एक गाठ सोडवू. तुमच्यासमोरचे तिन्ही माल “स्लॅग” या एकाच नावाने विकले जात असले तरी त्यांचा एकमेकांशी फारसा संबंध नाही. स्लॅग घेताना पहिला प्रश्न भावाचा नसावा, “कुठल्या भट्टीचा?” हा असावा.

जीजीबीएस येतो झोतभट्टीतून, म्हणजे खनिजापासून लोखंड काढताना. वितळलेल्या स्लॅगवर पाण्याचा जोरदार मारा करून तो क्षणात गार करतात, त्यामुळे स्फटिक बनायला वेळच मिळत नाही आणि काच तयार होते. काचेचं प्रमाण ८५ टक्क्यांहून जास्त असेल तरच तो दळल्यावर सिमेंटसारखं काम करतो. हाच स्लॅग खड्ड्यात ओतून सावकाश गार केला तर रासायनिक घटक तेच, पण पदरी पडते ती फक्त खडी.

इंडक्शन भट्टीचं अस्तर आपल्याकडे बहुतेक ठिकाणी सिलिका रॅमिंग मासचं (कुटून बसवलेल्या वाळूच्या चुऱ्याचं) असतं. त्यामुळे तिचा स्लॅगही सिलिकाचा: वाळूचा अंश भरपूर, शिवाय लोखंड आणि मँगनीजची ऑक्साइडं, चुना अगदी थोडा. चुना कमी म्हणजे फुगण्याची भीती कमी. त्याची खोड वेगळी, त्यात लोखंडाचे थेंब अडकलेले असतात.

आर्क भट्टीत चुना आणि डोलोमाइट (मॅग्नेशिया असलेला दगड) मुद्दाम घालतात, फॉस्फरस काढायला आणि अस्तर वाचवायला. सगळा चुना स्लॅगमध्ये विरघळत नाही, काही तसाच जळक्या खड्यांच्या रूपात उरतो. हा मोकळा चुना आणि मोकळा मॅग्नेशिया, हीच सगळ्या दुखण्याची मुळं. चुन्याला पाणी मिळालं की त्याचं घन आकारमान जवळजवळ दुप्पट होतं. मॅग्नेशियाचं दुपटीहूनही जास्त. चुना काही दिवसांत ते काही महिन्यांत फुगतो, मॅग्नेशिया मात्र वर्षानुवर्षं. म्हणून “चार महिने झाले, काही झालं नाही” याला पुरावा मानू नका. भिलाई, जमशेदपूरकडच्या एलडी कन्व्हर्टरच्या (ऑक्सिजन फुंकून पोलाद करणाऱ्या भट्टीच्या) स्लॅगमध्ये मोकळा चुना याहूनही जास्त सापडतो, पण तो तुमच्यापर्यंत येणं भाड्यालाच परवडणार नाही.

चौथा एक प्रकार तुम्ही लिहिला नाहीत, पण तोच जास्त फसवतो: लॅडल फर्नेसचा (वितळलेलं पोलाद शुद्ध करण्याच्या भट्टीचा) पांढरा स्लॅग. गार होताना साधारण ५०० अंशांच्या आसपास त्यातल्या डायकॅल्शियम सिलिकेटचं रूप पालटतं, आकारमान १० टक्क्यांच्या वर वाढतं आणि खडा आपोआप पीठ होतो. ज्या कारखान्यात इंडक्शन भट्टीनंतर लॅडलमध्ये पोलाद शुद्ध करतात तिथे दोन्ही स्लॅग एकाच ढिगावर पडलेले असू शकतात. ढीग बघायला गेलात की वरून बघून परतू नका. फावड्याने दीड-दोन फूट आत उकरा. काळ्या काचेत पांढरं-करडं पीठ किंवा चिमटीत चुरडणारे पांढरे खडे दिसले तर तो ढीग सोडून द्या, कितीही फुकट असला तरी.

सिमेंटपाणी

लॅडल यांनी माल ओळखून दिलाय, मी मापाचं लिहितो.

आयएस ३८३:२०१६ या भारतीय मानकात कृत्रिम कपचीच्या मर्यादा स्पष्ट आहेत. पोलादाचा स्लॅग (स्टील स्लॅग): साध्या काँक्रीटमध्ये २५ टक्क्यांपर्यंत, आरसीसीमध्ये शून्य, एम-१५ च्या खालच्या लीन (कमी सिमेंटच्या) काँक्रीटमध्ये १०० टक्के. झोतभट्टीचा स्लॅग (आयर्न स्लॅग): साध्यात ५०, आरसीसीत २५, लीनमध्ये १००. जाड आणि बारीक दोन्हींना हेच आकडे. पेव्हर ब्लॉकमध्ये सळई नसते म्हणून तुम्ही २५ टक्क्यांच्या रांगेत बसता. पण हाच माल कुणी शेजारच्या बिल्डरला स्लॅबसाठी मागितला तर सरळ नाही म्हणा.

आता नेहमीची चूक. लोक ७०० किलोचे २५ टक्के म्हणून १७५ किलो कपची काढतात आणि १७५ किलो स्लॅग घालतात. बदल वजनाने करायचा नसतो, आकारमानाने करायचा. तुमची १० मिमी कपची ७०० भागिले २.८५ म्हणजे २४५.६ लिटर. तिचे २५ टक्के ६१.४ लिटर. इंडक्शनचा स्लॅग असेल तर ६१.४ गुणिले ३.० म्हणजे १८४ किलो, आर्कचा असेल तर २०९ किलो. आर्कचा १७५ किलोच घातलात तर घनमीटरमागे १० लिटर माल कमी भरेल, म्हणजे शंभर ब्लॉकमागे एक ब्लॉक गायब, आणि दोष ऑपरेटरच्या माथी. हे २५ टक्के फक्त १० मिमीचे धरलेत. ६ मिमी धरून एकूण कपचीत स्लॅग १७ ते २० टक्के पडतो, म्हणजे मर्यादेच्या आत राहून थोडी मोकळीकही उरते.

पाण्याकडे लक्ष द्या. आर्क स्लॅगची भोकं पाणी पितात. तुमचं मिश्रण कोरडं, शून्य स्लंपचं (अजिबात न पसरणारं), त्यामुळे तीन-चार लिटरचा फरकही साच्यात कळतो: ब्लॉकच्या कडा ढासळतात, बाजूच्या अंगावर मधमाशांच्या पोळ्यासारखी भोकं दिसतात. स्लॅग आदल्या दिवशी भिजवून, निथळून, वरून कोरडा पण आतून भरलेला असा वापरा. मिक्सरमध्ये कोरडा टाकून “जरा पाणी वाढव” हा उपाय नव्हे, कारण मिक्सिंगच्या तीन मिनिटांत तो पाणी पीत नाही, साच्यात गेल्यावर पितो.

इंडक्शनच्या स्लॅगसाठी चुंबक अनिवार्य. क्रशरनंतर पट्ट्यावर ओव्हरबँड (वर टांगलेला) चुंबक बसवा, ते नसेल तर निदान हॉपरच्या तोंडाशी चुंबकाची जाळी. राहिलेला लोखंडाचा थेंब दोन ठिकाणी त्रास देतो. साच्याची भिंत आणि टॅम्परचा बूट (ब्लॉक वरून दाबणारा भाग) यांच्यामध्ये अडकला तर साच्याला ओरखडा पडतो. आणि ब्लॉकच्या पृष्ठभागाजवळ राहिला तर पहिल्याच पावसाळ्यात तपकिरी ओघळ सुटतो. म्हणूनच स्लॅग फक्त खालच्या थरात घाला. वरच्या रंगीत थरात एक खडाही नको. तिथे मोकळ्या चुन्याचा एक दाणा फुगला तरी नाण्याएवढा टवका उडतो. तो टवका उलटा करून बघितला की मधोमध पांढरा ठिपका दिसतो, हीच त्याची खूण.

पण खरं सांगायचं तर तुमच्यासमोरच्या तीन मालांत ब्लॉकला सगळ्यात जास्त उपयोग पोत्यातल्या पावडरीचा आहे. ३९० किलो सिमेंटऐवजी २७० किलो ओपीसी ५३ आणि १२० किलो जीजीबीएस, बाकी तेच, पाणी आधी १४० लिटरच ठेवून साच्यात बघा. २८ दिवसांची ताकद हाती राहते, ब्लॉक घट्ट होतो आणि शोषण कमी होतं. पेव्हरच्या आयएस १५६५८ मध्ये शोषणाची सरासरी मर्यादा ६ टक्के आहे, तिथे याचा फायदा दिसतो. वर उमटणारा क्षारांचा पांढरा थरही घटतो, रंगीत ब्लॉकच्या गिऱ्हाइकाला हेच आधी दिसतं.

काय बिघडतं? सुरुवातीची ताकद उशिरा येते. डिसेंबर-जानेवारीत रात्रीचा पारा १२-१३ वर उतरला की दुसऱ्या दिवशी सकाळी ब्लॉक रचताना कोपरे तुटतात. थंडीत जीजीबीएस ८० किलोवर आणा, ब्लॉकच्या फळ्या ताडपत्रीखाली झाका आणि पाणी ७ ऐवजी १४ दिवस मारा. आणखी एक: गोडाऊनमध्ये पीएससी (स्लॅग मिसळलेलं) सिमेंट असेल तर त्यात जीजीबीएस घालू नका. आयएस ४५५ नुसार पीएससीमध्ये २५ ते ७० टक्के स्लॅग आधीच असतो. पोत्यावर ओपीसी लिहिलंय याची रोज खात्री करा.

रोलर१०टन

शेडच्या प्रश्नाचं उत्तर: नाही. अजिबात नाही. तुम्ही विचारलेल्या सगळ्या उपयोगांत हा सगळ्यात धोक्याचा आहे.

पुरवणारा खोटं बोलत नाही, रोलरखाली स्लॅग खरंच उत्तम बसतो. धारदार दाणे एकमेकांत अडकतात, त्यात थोडं सिमेंटपणही असतं. पण प्लिंथ ही पेटी आहे. चारही बाजूंना भिंती, खाली जमीन. फुगलेल्या मालाला बाजूला सरकायला जागा नाही, सगळी वाढ वर जाते. ६०० मिमीच्या थराचं आकारमान फक्त ३ टक्के वाढलं तरी फरशी १८ मिमी उचलली जाते, ५ टक्के वाढलं तर ३० मिमी. १२५ मिमीची फरशी हे सहन करत नाही. आधी मध्यावर फुगवटा, मग खांबांभोवती गोल तडे, दरवाजे घासायला लागतात, प्लिंथच्या भिंती बाहेर ढकलल्या जातात. मॅग्नेशिया असेल तर हे तीन-चार वर्षांनीही सुरू होऊ शकतं. फरशी फोडून ६०० मिमी भराव बाहेर काढणं हा एकच इलाज उरतो.

आधीच आपल्याकडची काळी माती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते. तिच्यावर फुगणारा भराव टाकला तर पुढे तडा कशाने गेला हेही कळणार नाही. तिथे मुरूमच घाला, २०० मिमीच्या तीन थरांत, प्रत्येक थर ओलावा बघून दाबून. त्याच कारणासाठी स्लॅग रिटेनिंग भिंतीमागेही नको, पाण्याच्या टाकीखालीही नको.

मग आर्क स्लॅग जातो कुठे? रस्त्यात. डांबरी रस्ता वाकतो, थोडी हालचाल पचवतो, आणि काठ मोकळे असतात. डांबरात माखलेल्या खड्याला पाणीही कमी मिळतं. हा माल कडक आणि खरखरीत, टायरखाली लवकर गुळगुळीत होत नाही. सुरतजवळ हजिऱ्याला २०२२ मध्ये एक किलोमीटरचा सहा पदरी रस्ता सगळ्या थरांत प्रक्रिया केलेला पोलादाचा स्लॅग घालून केला, सीएसआयआर-सीआरआरआय या केंद्रीय रस्ते संशोधन संस्थेच्या मार्गदर्शनाखाली. सुमारे एक लाख टन स्लॅग त्यात गेला, आणि नेहमीच्या रस्त्याहून जाडी ३० टक्के कमी ठेवूनही अवजड ट्रकांची वाहतूक त्यावर चालते. “प्रक्रिया केलेला” हे शब्द मात्र वगळून वाचू नका.

तुमच्या प्लॉटमधला ट्रकचा रस्ता, गेटपासून शेडपर्यंतचा, याला तो उत्तम. फक्त बाजूच्या गटाराचा उतार सांभाळा. स्लॅगमधून झिरपणारं पाणी ११-१२ पीएचपर्यंत जातं, हवेशी गाठ पडली की त्यातून चुनखडीचा पांढरा थर बसतो, आणि भोकं पाडलेले पाइप हळूहळू बुजतात. विहीर, बोअर किंवा ओढ्याच्या कडेला हा थर नको.

भाड्याचा हिशेबही करून ठेवा. सुटी कपची घनमीटरला दीड टन, आर्क स्लॅग १.९ टन. २० टनाच्या ट्रकमध्ये कपची १३.३ घनमीटर येते, स्लॅग १०.५. खड्डा भरतो आकारमानाने, भाडं लागतं टनाने.

ब्लॉकमशीन_वाघोडिया

शेडला मुरूम, ठरलं. ब्लॉकला जीजीबीएस सुरू करतो आणि इंडक्शनचा स्लॅग ट्रायल म्हणून. गेटच्या रस्त्यासाठी आर्कचा घ्यायचा झाला तर तो तयार झालाय की कच्चा, हे कळायचं कसं? पुरवणारा म्हणतो सहा महिने ढिगात पडून आहे, दोनदा पाऊसही खाल्लाय. जाड गोटे आहेत, इथे आणून क्रशरला घालणार.

लॅडल

इथेच थांबा. आधी फोडायचा, मग मुरवायचा (पाण्यात ठेवून फुगणं उरकायचं), हा क्रम उलटा करू नका. गोट्याला दोन काय, दहा पाऊस लागले तरी पाणी वरच्या सालीपर्यंतच जातं. तुम्ही तो फोडलात की आतला कोरा चुना उघडा पडतो आणि घड्याळ पुन्हा शून्यावर येतं. आधी वापरायच्या मापाला फोडा, चुंबकावरून काढा, मगच ढीग घाला.

ढीग एक ते दीड मीटर उंचीचाच. उंच ढिगाच्या बाहेर कवच धरतं आणि पोट कोरडं राहतं. स्प्रिंकलरने ओला ठेवा, पंधरा-वीस दिवसांनी लोडरने उलटा करा. असे तीन ते सहा महिने, आणि शेवटी चाचणी. तारखेवर विसंबू नका. मोठ्या कारखान्यांत वाफ देऊन हेच काम काही दिवसांत उरकतात.

चाचण्या तीन पायऱ्यांनी करा. पहिली जागेवर: ढिगाच्या पोटातला मूठभर माल धुऊन पसरा, फोडलेल्या ताज्या बाजूवर फिनॉल्फ्थॅलीनचे थेंब टाका. गडद गुलाबी ठिपके उमटले तर चुना आहे. हे फक्त “आहे” सांगतं. मुरलेला चुनाही गुलाबीच दिसतो, त्यामुळे पास-नापास यावर ठरवू नका.

दुसरी चाळणी घरगुती: १० ते २० मिमीचे शंभर खडे मोजून प्रेशर कुकरमध्ये जाळीवर, पाण्याच्या वर ठेवा, तीन तास वाफ द्या. मग चाळा आणि किती फुटले, किती पीठ झाले ते मोजा. चार-पाच खडे फुटले तरी माल कच्चा समजा. पण कुकर १२० अंशांच्या आसपासच जातो, तेवढ्यात मॅग्नेशिया जागा होईलच असं नाही. कुकरमध्ये नापास म्हणजे नापास. पास म्हणजे मात्र तिसऱ्या चाचणीला पात्र, एवढंच. हा कुकर पुन्हा स्वयंपाकाला वापरायचा नाही.

तिसरी खरी: मापात मिसळलेला, योग्य ओलाव्याला कुटलेला स्लॅग सीबीआरच्या (रस्त्याच्या मातीची ताकद मोजण्याच्या चाचणीच्या) मोल्डमध्ये भरून ८० अंशांच्या पाण्यात रोज सहा तास, असे दहा दिवस, वर डायल गेज (वाढ दाखवणारा काटा). आयएस ३८३ मध्ये दहाव्या दिवशी आकारमानातली वाढ २ टक्क्यांच्या आत हवी. १२५ मिमी उंचीच्या नमुन्याला हे २.५ मिमी होतात. मोल्ड, गेज आणि पाण्याचं बाथ माती तपासणाऱ्या लॅबकडे असतंच, फक्त दहा दिवस बाथ अडकतो म्हणून ते कुरकुरतात. शेवटच्या तीन दिवसांत काटा थांबलाय की अजून चढतोय हे लिहून मागा. १.८ वर थांबलेला माल १.५ वर अजून चढणाऱ्या मालापेक्षा भरवशाचा.

आपल्या वैद्यांना ही मुरवणी जुनी ठाऊक आहे. मंडूर भस्मासाठी लोखंडाचा कीट घेतात तो शंभर वर्षं जुना उत्तम, ऐंशीचा मध्यम, साठचा कनिष्ठ. रस्त्याला एवढं थांबावं लागत नाही, पण ताजा कीट वापरायचा नाही हे दोन्हीकडे सारखंच.

दांडियाबाजार_सल्लागार

कागदांचं थोडक्यात. २०१६ च्या घातक कचरा नियमांत धातू वितळवण्याच्या प्रक्रियेतले स्लॅग घातक वर्गातून वगळले आहेत, त्यामुळे स्लॅग घेणं बेकायदा नाही. पण ही सूट स्लॅगला आहे, भट्टीच्या बॅग फिल्टरमधल्या धुळीला नाही. त्या बारीक तपकिरी धुळीत जस्त आणि शिसं असतं. “ही पण घेऊन जा, रंगाला चालेल” म्हणून कुणी दिली तर हात लावू नका.

भट्टीत काय वितळतं हेही विचारा. स्टेनलेस किंवा क्रोमियमवालं पोलाद असेल तर टीसीएलपी (घातक धातू झिरपण्याच्या) चाचणीत क्रोमियम किती झिरपतं याचा अहवाल आल्याशिवाय एक टेम्पोही उतरवून घेऊ नका. प्रत्येक खेपेच्या चलनावर भट्टीचा प्रकार, तारीख आणि वजन लिहून घ्या. कारखान्याने भंगाराची जात बदलली की स्लॅग बदलतो, आणि तुमची जुनी चाचणी नव्या खेपेला लागू होत नाही.

सिमेंटपाणी

ट्रायलबद्दल एक राहिलं. इंडक्शन स्लॅगचे ब्लॉक वेगळ्या थप्पीत रचा आणि साच्यावर खूण ठेवा. ७ आणि २८ दिवसांना प्रत्येकी आठ ब्लॉक दाबा, शोषणासाठी तीन. शिवाय बारा ब्लॉक उघड्यावर, पावसाळाभर, मातीत अर्धे पुरून ठेवा. दर पंधरा दिवसांनी धुऊन, उन्हात तिरके धरून बघा: केसाएवढी जाळी, टवके, तपकिरी ओघळ. ही थप्पी स्वच्छ निघेपर्यंत गिऱ्हाइकाला स्लॅगचा ब्लॉक देऊ नका. जीजीबीएसचे ब्लॉक तोवर खुशाल विका.